शेजारपालट

दसरा झाला की आमच्या हातकणंगले तालुक्यातल्या उरल्यासुरल्या गुऱ्हाळांची चुलाणे पुन्हा पेटतात. काहिलीतला रस तापू लागला की त्यात भेंडीचे चिकट पाणी सोडतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात. मग रस आटत जातो आणि वर फेस धरतो. गुळव्या त्या फेसाकडे पाहून पाक ओळखतो. मला पाकातले काही कळत नसे. मी काहिलीच्या काठाशी, जिथे उकळी मंद असते तिथे, बुडबुडे पाहत बसे. बुडबुडे एकमेकांना टेकलेले असत आणि त्यांच्यामध्ये पातळ भिंती असत. मध्येच एखादी भिंत आखडत आखडत नाहीशी होई. ती ज्या दोघांच्या मध्ये होती ते दोन बुडबुडे दूर सरत, आणि आजवर ज्यांची गाठ पडली नव्हती असे वरचा नि खालचा बुडबुडा एकमेकांना भिडत. कोणी फुटले नाही, कोणी नवा आला नाही. फक्त शेजार बदलला.

या क्षुल्लक हालचालीवर आपल्या सगळ्यांची शरीरे उभी आहेत, हे मला फार उशिरा कळले. ते शोधत जाण्याचे कारण मात्र लहानपणातच घडले होते.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी सूर्यग्रहण लागले. खग्रास पट्टा आमच्या दक्षिणेला, कर्नाटकातून गेला. आमच्याकडे सूर्याची बारीक कोर उरली होती. माझी चुलती तेव्हा सातव्या महिन्यात होती. तिला अंधाऱ्या खोलीत बसवले होते. लहान मूल भुकेने रडू लागले म्हणून ती उठली आणि तिने विळीवर कांदा चिरला. उन्हाळ्यात ती बाळंत झाली. बाळाच्या पाठीचा खालचा भाग मिटलेला नव्हता. ते आठ दिवस जगले. घरातल्या मोठ्यांनी निकाल दिला, की ग्रहणात विळी चालवली म्हणून लेकराची पाठ चिरली. हा निकाल तिने चाळीस वर्षे मुकाट्याने वागवला.

बाळाची पाठ मुळात मिटते कशी, आणि कधी, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नाही. या लेखात मी तो विचारणार आहे.

*

सुरुवात अंड्यापासून करू. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात, हे आपल्याला ठाऊक असते. पहिल्या दिवशी आत काय चालते ते मात्र आपण पाहत नाही. बलकावर पेशींची एक गोल चकती असते. साधारण पाऊण दिवसात त्या चकतीच्या मध्यावर एक सरळ रेघ उमटते. या रेघेमुळे डोके कुठे, शेपूट कुठे, डावे कुठले, उजवे कुठले हे दिसू लागते. म्हणजे गोलाला लांबी मिळते.

गोल वस्तू लांब व्हायची तर ती त्या दिशेने वाढली पाहिजे, असे आपल्याला वाटते. वेलीचा शेंडा वाढतो, उसाचे पेर वाढते. प्राण्यांच्या भ्रूणातही वाढ होतेच. पण आरंभीच्या काळात लांबी येते ती मुख्यतः दुसऱ्या मार्गाने. जोतिबाच्या डोंगरावर चैत्री यात्रेत दर्शनाची रांग कशी असते ते आठवा. मोकळ्या जागेत चौघे-चौघे शेजारी उभे असतात. पुढे कठडा लागतो आणि तिथून एकेकानेच जायचे असते. मग बाजूची माणसे एकमेकांच्या मध्ये शिरतात, आणि तेवढ्याच माणसांची रांग चौपट लांब होते. माणूस एकही वाढलेला नसतो. रुंदी गेली ती लांबीच्या रूपाने परत आली एवढेच. भ्रूणशास्त्रात या क्रियेला मिळून लांबणे अशा अर्थाचे नाव आहे. मी तिला आकुंचन-लंबन म्हणेन.

रांगेत एक सोय असते. कठडा माणसांना मध्ये रेटतो आणि पुढचा माणूस सरकला की जागा होते. पेशींना कठडा नाही, पोलीस नाही, घोषणा करणारा कर्णा नाही. शिवाय त्या सुट्या उभ्या नसतात, शेजारणीला घट्ट चिकटलेल्या असतात. हात न सोडता रांगेतली जागा बदलायची, असे ते कोडे आहे.

*

हे कोडे आहे हे कळायलाही वेळ लागला. १९०७ साली अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत समुद्री स्पंज घेतला आणि पिठाच्या गिरणीत वापरतात तशा बारीक रेशमी कापडातून तो पिळून काढला. खाली पाण्यात सुट्या पेशींचा गढूळ साका जमला. त्या पेशी सरपटत एकमेकींना गाठू लागल्या, चिकटल्या, आणि काही दिवसांनी त्यांतून पुन्हा लहान स्पंज तयार झाले. पेशी म्हणजे भिंतीत चिणलेली वीट नव्हे, तिला शेजारीण शोधता येते, हे यातून दिसले.

१९२०च्या दशकात जर्मनीत वाल्टर फोग्ट यांनी बेडूक व सॅलॅमँडर यांच्या भ्रूणांवर निरुपद्रवी रंगाचे ठिपके दिले आणि ते कुठे जातात ते पाहिले. गोल ठिपक्याची काही तासांत लांबट पट्टी झालेली त्यांना आढळली. ठिपका भ्रूणाच्या मध्यरेषेकडे अरुंद होत होता आणि डोके-शेपटीच्या दिशेने ताणला जात होता. फोग्टांच्या ठिपक्यांवरून पुढच्या पिढ्यांनी भ्रूणाचे नकाशे काढले. पण ठिपका ताणतो कोण, हा प्रश्न उरला. बाहेरून कोणी ओढते का?

त्याचे उत्तर १९८०च्या दशकात रे केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकावरील प्रयोगांतून दिले. त्यांनी भ्रूणाच्या पाठीकडचा तुकडा कापून बशीत ठेवला. तिथे ओढायला कोणीच नव्हते. तरीही तुकडा आपला आपण अरुंद झाला आणि लांबला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, की त्यातल्या पेशी आडव्या पसरतात, दोन्ही बाजूंच्या शेजारणींना धरतात आणि स्वतःला त्यांच्यामध्ये खेचून घेतात. ताण बाहेरून येत नव्हता. तो पेशी-पेशींतल्या ओढाताणीतून तयार होत होता.

*

आता एका शेजारपालटाकडे जवळून पाहू. त्यासाठी केळ्यांवर घोंगावणारे चिलट, म्हणजे फळमाशी, सर्वांत सोयीची. तिच्या अंड्यात सुमारे तीन तासांनी साधारण सहा हजार पेशींचा एक पदर तयार झालेला असतो. मग त्याच्या पोटाकडचा पट्टा लांबू लागतो. लांबी अडीच पट होते आणि रुंदी जवळजवळ निम्मी. यातला मोठा भाग अर्ध्या तासाच्या आसपास उरकतो. पेशींचे विभाजन थांबवलेल्या भ्रूणातही हा पट्टा लांबतो. १९९४ साली केनेथ अर्व्हाइन आणि एरिक वीशॉस यांनी दाखवले, की हे लांबणे पेशींच्या एकमेकींत शिरण्याने होते. पुढच्याच वर्षी वीशॉस यांना भ्रूणविकासाच्या जनुकांवरील आधीच्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

चार पेशी घ्या. डावी आणि उजवी एकमेकींना लागून आहेत, त्यांच्यामध्ये एक उभा बांध आहे. वरची आणि खालची या दोघी त्या बांधाच्या दोन टोकांना आहेत, त्यांची आपसांत भेट नाही. आता तो उभा बांध आखडू लागतो. आखडून आखडून त्याचा ठिपका होतो आणि क्षणभर चारही पेशी एका बिंदूत मिळतात. मग त्याच बिंदूतून एक नवा आडवा बांध फुटतो. तो वरची आणि खालची यांच्यामधला असतो. त्या दोघी शेजारणी झाल्या, डावी-उजवी लांब गेल्या. वर-खाली अंतर कमी झाले, आडवे अंतर वाढले. असे शेकडो बदल एकाच दिशेने झाले की आख्खा पट्टा लांबतो.

बांध हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्या भागात बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात आणि शेताचा शेजार तीन पिढ्या बदलत नाही. भ्रूणात तो काही मिनिटांत बदलतो, आणि या बदलात कोणाची जमीन जात नाही. पेशीचे क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते, तिचे कोपरे तेवढे फिरतात.

या चौघींच्या हालचालीला शास्त्रज्ञ टी-वन बदल म्हणतात. हे नाव फेसाच्या अभ्यासातून आले. बेल्जियमचे जोसेफ प्लातो दृष्टी गेल्यानंतरही साबणाच्या पापुद्र्यांवर काम करत राहिले आणि १८७३ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. फेसात एका कडेवर तीनच पापुद्रे मिळतात आणि त्यांच्यात १२० अंशांचा कोन असतो, हा त्यांचा नियम. चार मिळाले तर ती स्थिती टिकत नाही, लगेच मोडते आणि तीन-तीनच्या दोन जोडण्या होतात. काहिलीच्या काठाशी मी पाहत होतो तो हाच नियम.

पण पेशी आणि बुडबुडा यांत मोठा फरक आहे. बुडबुड्याची भिंत आखडते ती उष्णतेने, वाऱ्याने, हवा इकडून तिकडे झिरपल्याने. तिला दिशा नसते. पेशी आपला बांध स्वतः आखडते. तिच्या कडेला ॲक्टिन या प्रथिनाचे धागे असतात आणि त्या धाग्यांना मायोसिन नावाचे प्रथिन ओढते. आपल्या दंडाचे स्नायू ज्या जोडीने आवळतात तिचीच ही भावंडे. २००४ साली मार्सेयच्या तोमा लेकुई यांच्या गटाने दाखवले, की उभ्या बांधांवर मायोसिन जास्त जमते आणि म्हणून तेच आखडतात. आडव्या बांधांवर ते कमी असते. त्याच सुमारास जेनिफर झालेन आणि वीशॉस यांनाही पेशीच्या कडांवरची ही विषम वाटणी आढळली. झालेन यांच्या गटाने २००६ मध्ये आणखी एक गोष्ट टिपली. काही ठिकाणी चार नव्हे, तर पाच ते अकरा पेशी एका बिंदूभोवती गोळा होतात, फुलाच्या पाकळ्यांसारख्या, आणि मग ते फूल दुसऱ्या दिशेने उलगडते.

उभा बांध कोणता हे पेशीला कसे कळते? तिच्याकडे होकायंत्र नाही. फळमाशीच्या भ्रूणावर डोक्यापासून शेपटीपर्यंत जनुकांचे आडवे पट्टे चालू-बंद असतात, धनगरी घोंगडीच्या काठावरच्या पट्ट्यांसारखे. २०१४ मध्ये झालेन यांच्याच गटाने दाखवले, की या पट्ट्यांप्रमाणे पेशींच्या पृष्ठभागावर टोल नावाच्या कुटुंबातली तीन वेगवेगळी ग्राहक प्रथिने येतात. पुढची-मागची शेजारीण वेगळ्या पट्ट्यातली, म्हणून तिचे प्रथिन वेगळे. वर-खालची आपल्याच पट्ट्यातली, म्हणून सारखी. शेजारीण आपल्याहून वेगळी आहे असे जिथे लागते, तो बांध आखडायचा. पूर्ण भ्रूणाचा नकाशा कुठल्याच पेशीला ठाऊक नसतो. तिला फक्त शेजारणीचा स्पर्श ठाऊक असतो, आणि तेवढ्यावर शरीराला दिशा मिळते.

*

हे सगळे परदेशात घडले असे वाटत असेल, तर आपल्या घराजवळचा धागाही सांगतो. १९५५ साली डेनिस न्यू यांनी कोंबडीचा भ्रूण कवचाबाहेर वाढवण्याची एक साधी युक्ती शोधली. बलकाभोवतीचे पारदर्शक आवरण काचेच्या कड्यावर ताणून बसवायचे, डफावर कातडे ताणावे तसे. त्यावर भ्रूणाची चकती आणि खाली अंड्यातला पांढरा भाग. मग काचेच्या झाकणातून रेघ उमटताना उघड्यावर पाहता येते. त्याच दशकात लीला मुल्हेरकर एडिंबरात सी. एच. वॉडिंग्टन यांच्या संस्थेत कोंबडीच्या भ्रूणावर संशोधन करत होत्या. रेघेच्या दोन्ही बाजूंच्या भागांत काय शक्ती असते यावरचा त्यांचा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवले आणि तिथे भ्रूणशास्त्राची परंपरा उभी केली. या प्रयोगाला लागते काय, तर अंडी, काचेचे कडे, उबदार पेटी आणि स्थिर हात. फार पैसा नसलेल्या देशात टिकेल असे ते शास्त्र होते.

ती रेघ उमटते कशी, याचे उत्तर पुढच्या पिढीला मिळाले. २००७ मध्ये लंडनच्या क्लॉडिओ स्टर्न यांच्या गटाने दाखवले, की रेघ जिथे उमटणार तिथल्या पेशी आधी एकमेकींत शिरतात, म्हणजे तिथे शेजारपालट होतो. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या कीस वाइयर यांच्या गटाने त्यामागे मायोसिनची ओढ असल्याचे दाखवले. कोंबडी आणि फळमाशी यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. पण गोलातून लांब होण्याची युक्ती दोघींकडे तीच आहे.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मैथ्रेयी नरसिंहा यांची प्रयोगशाळा फळमाशीच्या भ्रूणाची पाठ कशी मिटते याचा अभ्यास करते. भ्रूणाच्या पाठीवर काही काळ एक मोकळी जागा असते, तिच्यावर पातळ पडद्यासारख्या पेशी असतात. त्या पेशी आवळत जातात, काही पदरातून निसटून आत पडतात, आणि दोन्ही कडा मध्ये येऊन शिवल्यासारख्या जुळतात. किती पेशी निसटतात, कुठल्या जागी, कधी, आणि त्यांच्या निसटण्याने ओढ वाढते का, हे या प्रयोगशाळेने तपासले आहे. पवईला आयआयटीत स्थापत्य अभियांत्रिकी विभागात मंदार इनामदार पेशींच्या पदराचे गणित मांडतात. पूल आणि इमारती जिथे शिकवतात तिथे हे काम व्हावे याचे प्रथम नवल वाटते. पण ताण, दाब आणि टेकू यांचा हिशेब दोन्हीकडे आहेच. २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गच्या गटाबरोबरच्या त्यांच्या निबंधात पेशींच्या गोल वसाहती होत्या. गोल कुंपण काढल्यावर त्या पसरता पसरता आपसूक लांबट होतात, आणि ते सगळ्या पेशींच्या मिळून चालण्याने घडते, असे त्यात दिसले.

या गणितातला एक आकडा मला फार आवडतो. पेशीचा परीघ घ्या आणि तिच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने त्याला भागा. नियमित षट्कोनाला ३.७२ येते, नियमित पंचकोनाला ३.८१. २०१५ साली डापेंग बी, लिसा मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले, की पेशींचा हा आकडा सरासरी ३.८१च्या खाली असेल तर पदर घट्ट असतो, शेजार बदलायला जोर लावावा लागतो. वर असेल तर पदर वाहू शकतो. परीघ जास्त म्हणजे पेशी सैल, वाकडीतिकडी, सामावून घेणारी. दिवाळीच्या आधी कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर गर्दीत अडकलेल्याला हे वेगळे सांगायला नको. सगळे खांदे ताठ धरून उभे राहिले तर कोणीच हलत नाही. थोडे अंग चोरले, तिरके झाले, की गर्दी वाहू लागते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका गटाने दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेतल्या पेशी वाढवून पाहिल्या. निरोगी माणसाच्या पेशी लवकर घट्ट होतात, दम्याच्या रुग्णाच्या जास्त वेळ वाहत्या राहतात, असे त्यांना आढळले. तेव्हा शरीराला दोन्ही हवे असते, योग्य वेळी सैल होणे आणि योग्य वेळी थांबणे.

*

आता चुलतीच्या प्रश्नाकडे येतो.

माणसाच्या भ्रूणात तिसऱ्या आठवड्यात पाठीकडे पेशींचा एक रुंद पट्टा तयार होतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांचे हे मूळ. हा पट्टा आधी अरुंद आणि लांब होतो. मग त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मध्ये खोबण पडते, कडा वर एकमेकींना भेटतात आणि पट्ट्याची नळी होते. तिला मज्जानलिका म्हणू. गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी ती मिटू लागते आणि २८व्या दिवसापर्यंत दोन्ही टोकांना बंद होते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी घडत नाही. खालचे राहिले तर पाठीचे मणके तिथे मिटत नाहीत.

यात शेजारपालट कुठे येतो? २०१२ साली जपानमधल्या तामाको निशिमुरा, हिसाओ होंडा आणि मासातोशी ताकेइची यांनी कोंबडीच्या भ्रूणात दाखवले, की जे बांध आखडल्याने पट्टा अरुंद होतो, त्याच दिशेच्या आवळण्याने तो वाकतोही. पेशींना दिशा सांगणारी आणि बांध आवळणारी यंत्रणा एकमेकींना जोडलेली आहे. ही दिशा सांगणाऱ्या जनुकांपैकी एकाचे नाव व्हँगल-२. ‘लूप-टेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंदरांत ते बिघडलेले असते. दोन्ही प्रती बिघडलेल्या पिल्लात शेजारपालट नीट होत नाही, पट्टा रुंदच राहतो, कडा एकमेकींपासून इतक्या दूर राहतात की त्यांची भेट होत नाही, आणि जवळजवळ सगळी पाठ उघडी राहते. २००७ मध्ये याच कुटुंबातल्या व्हँगल-१ या जनुकातले बदल मज्जानलिकेचा दोष असलेल्या काही माणसांतही सापडले. प्रत्येक उघड्या पाठीमागे हेच कारण असते असे नाही. अरुंद होणे, वाकणे, कडा जुळणे, यांतली कुठलीही पायरी चुकू शकते. पण या सगळ्या पायऱ्या २८व्या दिवसाच्या आतल्या आहेत.

हिशेब करून पाहा. पाळी चुकते तेव्हा गर्भाला साधारण दोन आठवडे झालेले असतात. म्हणजे पाळी चुकून आणखी दोन आठवडे होईतो पाठ मिटलेली असते, किंवा राहून गेलेली असते. ग्रहण १६ फेब्रुवारीला लागले, चुलती तेव्हा सातव्या महिन्यात होती. तिच्या बाळाच्या पाठीचा प्रश्न आदल्या वर्षीच्या भाद्रपदाच्या सुमाराला निकालात निघाला होता. कांदा चिरला तेव्हा त्याला पाच महिने उलटून गेले होते.

यावर काही करता आले असते का, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मुंबईच्या गिरणगावापासून सुरू होते. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदर गिरणी कामगार बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिला आढळले, की यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, या बायका बऱ्या होतात. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातल्या अज्ञात घटकाला विल्स घटक म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा केला गेला आणि त्याला पानावरून फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. विल्स घटक तो हाच, हे पुढे स्पष्ट झाले. गिरणीत राबणाऱ्या, पोटाला पुरेसे न मिळणाऱ्या बायकांच्या रक्तातून हा शोध लागला, हे इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या आवाजात वाढलेल्या आमच्यासारख्यांनी तरी विसरू नये.

१९९१ साली ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने सात देशांतल्या ३३ केंद्रांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या बायकांचे आधीचे मूल असा दोष घेऊन जन्मले होते, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिले होते. दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. तेव्हापासून जगभर सल्ला आहे, की मूल हवे असलेल्या प्रत्येक स्त्रीने गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत रोज ०.४ मिलिग्रॅम घ्यावे. आधी असे मूल झाले असेल तर मात्रा जास्त लागते, ती डॉक्टर ठरवतात. गरोदरपणाची नोंद झाल्यावर मिळणारी लोह-फॉलिकची गोळी रक्तक्षयासाठी हवीच. पाठीच्या दृष्टीने मात्र ती उशिरा पोचते.

७२ म्हणजे १०० नव्हेत, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. गोळी घेऊनही एखादीचे बाळ असे जन्मते, आणि मग ‘गोळी चुकवली असेल’ हा नवा निकाल तयार असतो. फॉलिक एकटे काम करत नाही. पेशीत ते ब-१२ जीवनसत्त्वाच्या जोडीने काम करते, आणि ब-१२ मिळते ते दूध, अंडी, मांस-मासळीतून. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात फॉलेटची कमतरता क्वचित आढळली, पण सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी होते. पुण्याच्या संशोधकांच्याच सहभागातून २०११ मध्ये आलेल्या अभ्यासात आईच्या शरीरातल्या ब-१२ वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला फरक या दोषाशी जोडलेला दिसला. म्हणजे एकाच ताटात जेवणाऱ्या दोन जावांपैकी एकीच्या बाळाला धोका जास्त असू शकतो, आणि दोघींपैकी कोणीच काही चुकलेले नसते.

*

तीन वर्षांपूर्वी चुलतीला मी हे सांगितले. ती आता पंचाहत्तरीला आली आहे. मायोसिन, जनुके यांचे नाव काढले नाही. ताटात साबणाचा फेस केला आणि एक बुडबुडा शेजार कसा बदलतो ते दाखवले. मग बोटांवर महिने मोजले. श्रावण, भाद्रपद, आश्विन, आणि पुढे माघातले ग्रहण.

ती बराच वेळ माझ्या बोटांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “भादव्यात? तवा मला दिस गेल्यालं बी ठावं नव्हतं की रं.”

“नव्हतंच ठावं, काकी. कुणालाच नसतंय.”

तिने ताटातला फेस विसळला आणि ताट पालथे घातले. जरा वेळाने तिने विचारले, नातसुनेसाठी ती गोळी कुठे मिळते. तिचे लग्न होऊन दोन महिने झाले होते.